अ‍ॅल्युमिनियमच्या होडीतील इंजिनाचा दणदणाट आणि थरथर : पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या त्रासाचे निवारण

गेली सहा वर्षे मी कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात, पीटरबरो शहराजवळ राहतो. मे ते ऑक्टोबर या काळात सवड मिळेल तेव्हा मी राइस लेक या सरोवरात गळाने मासे धरायला जातो. त्यासाठी माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची, रिव्हेट मारून जोडलेली, १४ फुटी जुनी होडी आहे. तिच्या मागच्या फळीवर २० अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन असून ते टिलरने, म्हणजे हातात मूठ धरून, चालवावे लागते. अशा होड्या येथील सरोवरांवर जागोजागी दिसतात, कारण त्या हलक्या असतात, खडकाला घासल्या तरी सहसा फुटत नाहीत आणि साध्या मोटारीमागे ओढून नेता येतात. त्यांचा खरा दोष एकच, तो म्हणजे आवाज.

माझ्या होडीत हा त्रास तीन रूपांनी होत असे. इंजिन जागेवर मंद चालत असताना बाक, वल्ही आणि पेट्रोलची टाकी एकत्र खडखडत. मिनिटाला २,५०० ते २,८०० फेऱ्यांच्या दरम्यान तळातून एक जड घुमारा उठे, जो कानापेक्षा छातीत अधिक जाणवे. ऑन्टारियोमध्ये किनाऱ्यापासून ३० मीटरच्या आत ताशी १० किलोमीटरची वेगमर्यादा आहे, आणि माझी होडी त्या वेगाला नेमकी याच फेऱ्यांवर चालते, त्यामुळे काठाकाठाने जाताना हा घुमारा टाळताच येत नसे. पूर्ण वेगात घुमारा ओसरे, पण मूठ धरलेल्या हाताला मुंग्या येत. सर्वांत त्रासदायक गोष्ट अशी, की एखादा उपाय केला की आठ-पंधरा दिवस बरे वाटे आणि नंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दोन उन्हाळ्यांपूर्वी बाबा वेंगुर्ल्याहून आले होते. त्यांचे आयुष्य आधी लाकडाच्या आणि नंतर फायबरच्या होडीत गेले. किनाऱ्यापासून जरा पुढे गेल्यावर त्यांनी हाताने तळाचा पत्रा चाचपला आणि म्हणाले, “ही होडी आसा काय पत्र्याचो डबो?” तीन तासांनी परत आलो तेव्हा त्यांच्या कानांत दडे बसले होते आणि रात्रीपर्यंत ते टीव्हीचा आवाज वाढवायला सांगत होते. त्यानंतर मात्र मी तात्पुरती डागडुजी सोडून मूळ शोधायचे ठरवले. जे सापडले आणि ज्या क्रमाने सापडले, ते पुढे लिहितो.

पत्रा एवढा का वाजतो

रिकामी परात बोटाने वाजवली तर बराच वेळ घणघणते. त्याच परातीत कणकेचा गोळा दाबून ठेवला आणि पुन्हा टिचकी मारली, तर नुसता ठप् असा आवाज येऊन थांबतो. परातीला बसलेला धक्का दोन्ही वेळा सारखाच असतो, पण दुसऱ्या वेळी पत्र्याची हालचाल कणकेत जिरते. लाकूड आणि फायबर यांच्यात हे जिरवण्याचे सामर्थ्य बऱ्यापैकी असते, तर अ‍ॅल्युमिनियममध्ये ते फार थोडे असते. त्यातून छोट्या होड्यांचा पत्रा साधारण १.६ ते २.५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि तो फासळ्यांवर ताणून बसवलेला असल्यामुळे दोन फासळ्यांमधला प्रत्येक चौकोन ताशाच्या कातड्याप्रमाणे वागतो.

म्हणून या समस्येकडे पाहताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : थरथर कोठे निर्माण होते, ती कोणत्या वाटेने होडीत शिरते आणि होडीचा कोणता भाग ती वाजवून दाखवतो. बहुतेक जण, आणि सुरुवातीला मीही, तिसऱ्या गोष्टीपासून आरंभ करतो, म्हणजे तळाला आवाज शोषणाऱ्या चादरी चिकटवत सुटतो. पहिल्या दोन गोष्टी तशाच राहिल्या तर त्या चादरींचा उपयोग निम्माही होत नाही, आणि इंजिनाचा एखादा खरा बिघाड त्यांच्याखाली झाकला जातो, हा त्याहून मोठा धोका आहे.

पान्याला हात लावण्यापूर्वी मोजणी

मी फोनवर दोन मोफत ॲप घेतली, एक आवाजाची पातळी दाखवणारे आणि दुसरे फोनमधील त्वरणमापकाच्या साहाय्याने थरथरीची वारंवारता दाखवणारे. वारा पडलेल्या सकाळी, एकट्यानेच, प्रत्येक ५०० फेऱ्यांच्या टप्प्यावर अर्धा-अर्धा मिनिट थांबून नोंदी केल्या. फोनवरचे डेसिबलचे आकडे प्रमाण मानू नयेत. परंतु फोन तोच, जागा तीच आणि वेग तोच असेल तर आधी-नंतरची तुलना विश्वासार्ह असते. २,७०० फेऱ्यांवर माझ्या कानापाशी ९२ डेसिबल दिसत होते. कामाच्या जागेवरील आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये आठ तास राहणे ही मर्यादा आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे ९१ डेसिबलला दोनच तास उरतात. बाबांच्या कानांचे तसे का झाले, याचे उत्तर या एका आकड्यात होते.

वारंवारतेचा हिशेब थोडा समजून घेतला तर अर्धे निदान किनाऱ्यावर बसूनच होते. दोन सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे दोहोंचे मिळून दर फेऱ्याला एक ठिणगी. मिनिटाला २,७०० फेरे असतील तर सेकंदाला ४५ ठोके पडतात. माझ्या इंजिनाचे गिअरचे प्रमाण २.०८ : १ आहे, त्यामुळे त्याच वेळी होडी ढकलणारा पाण्याखालचा पंखा (प्रोपेलर) मिनिटाला सुमारे १,३०० फेरे, म्हणजे सेकंदाला साधारण २२ फेरे फिरतो, आणि त्याला तीन पाती असल्यामुळे पात्यांचे ठोके सेकंदाला ६५ च्या आसपास पडतात. थरथर ४५ ला दिसली तर बोट इंजिनाकडे जाते, २२ ला दिसली तर पंखा किंवा त्याचा दांडा तोल सोडून फिरतो आहे असे समजावे. फोन बाकावर घट्ट पट्टीने बांधून पाहिले तेव्हा ॲपच्या आलेखात दोन्ही ठिकाणी शिखरे होती. बिघाड एक नसून किमान दोन होते, आणि आजवर एकेकटा उपाय का टिकत नव्हता याचा अंदाज तेथेच आला.

पंखा

तपासणी पंख्यापासून सुरू करावी, कारण ती सर्वांत सोपी आणि बिनखर्चाची असते. त्याआधी किल स्विचची, म्हणजे इंजिन तत्काळ बंद करणाऱ्या कळीची, दोरी काढून ठेवावी आणि प्लगच्या तारा सोडवाव्यात. पंखा हाताने फिरवताना इंजिन सुरू होण्याची शक्यता पूर्णपणे संपवल्याशिवाय तेथे बोट नेऊ नये. इंजिन वर उचलून, न्यूट्रलमध्ये ठेवून, एका स्थिर लाकडी ठोकळ्याला पेन्सिल बांधावी आणि तिचे टोक पात्याच्या टोकापासून दोन-तीन मिलिमीटरवर आणावे. पंखा हळूहळू फिरवला की तिन्ही पात्यांचे अंतर सारखे आहे की नाही ते दिसते. माझे एक पाते पेन्सिलीला घासत होते आणि बाकीची दोन स्पष्टपणे दूर होती. राइस लेकचा तळ उथळ असून मधूनच खडक वर येतात, त्यांपैकी कोणत्या तरी खडकाचा तो प्रसाद असावा. मग पेन्सिल दांड्याच्या टोकाशी आणून दांडाही फिरवून पाहिला. तो सरळ होता. दांडा वाकलेला निघाला असता तर पंखा बदलून काहीही साधले नसते.

पात्याच्या कडेवरच्या बारीक खाचा कानशीने घासून गुळगुळीत करता येतात, पण वाकलेले पाते घरी ठोकून सरळ करण्याच्या फंदात पडू नये. पंखा दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावा किंवा नवा घ्यावा. मी त्याच मापाचा नवा घेतला. पंखा काढला तेव्हा आतल्या चकतीमागे नायलॉनच्या गळाच्या दोरीचे भेंडोळे सापडले. ही दोरी सील कापते आणि पाणी गिअरपेटीत शिरते, म्हणून तळाचा स्क्रू सोडून थोडे गिअर ऑइल बोटावर घेऊन पाहिले. ते दुधासारखे पांढुरके झालेले असेल तर सील गेले असे समजून तो हंगाम तेथेच थांबवणे बरे. माझे सुदैवाने स्वच्छ होते.

पंख्याच्या मध्यभागी दाबून बसवलेला एक रबरी हबही असतो. खडकाचा आघात झाल्यास गिअर वाचावेत म्हणून तो घसरतो, आणि एकदा घसरला की पुढे जोर दिला की घसरतच राहतो. आतल्या धातूपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाने एक सरळ रेघ ओढून होडी जोरात चालवून आणावी. रेघ मध्ये तुटून सरकलेली दिसली तर हब गेला. हीच रेघ ओढण्याची युक्ती पुढे दुसऱ्या ठिकाणी मला फार उपयोगी पडली.

पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचे खरे काम पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत ओढली जाऊ न देणे हे आहे. कॅव्हिटेशन ही निराळी गोष्ट आहे. तीत पात्याजवळचा दाब इतका घटतो की पाण्याचीच वाफ होते, आणि ती बहुधा खाच पडलेल्या पात्यामुळे होते. ही पट्टी होडीच्या तळाच्या साधारण पातळीत किंवा किंचित खाली असावी. तळाला सरळ पट्टी लावून हे अर्ध्या मिनिटात कळते. माझ्याकडे ते बरोबर निघाले, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

नव्या पंख्यानंतर २२ चे शिखर जवळपास नाहीसे झाले. हाताच्या मुंग्याही बऱ्याच कमी झाल्या. घुमारा मात्र जागच्या जागी होता.

इंजिनाची मंद चाल

मंद चालीवरचा खडखडाट दोन कारणांचा असू शकतो, आणि दोहोंत गल्लत करू नये. पहिले कारण रचनेचे आहे. काही छोट्या दोन सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनांत दोन्ही दट्टे एकाच वेळी वर आणि एकाच वेळी खाली जातात. त्यामुळे ठिणग्या समान अंतराने पडतात, पण दट्ट्यांचे वजन एकमेकांना तोलत नाही आणि मंद चालीवर इंजिन हलतेच. तीन सिलिंडरांचे इंजिन त्या मानाने पुष्कळ शांत असते. हा भाग दुरुस्तीने जाणारा नाही.

दुसरे कारण बिघाडाचे असते. येथील हिवाळ्यात इंजिन सहा-सात महिने बंद राहते, इथेनॉल मिसळलेले पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये राहून चिकट होते आणि मंद चालीचे सूक्ष्म जेट बुजते. मग एक सिलिंडर अधूनमधून पेटत नाही. इंजिन बंद तर पडत नाही, पण लंगडत चालते आणि सगळी होडी हलवते. माझ्या इंजिनाचे प्लग काढून पाहिले तेव्हा एक फिक्या तपकिरी रंगाचा होता आणि दुसरा काळा व ओला. कार्ब्युरेटर उघडून जेट स्वच्छ केल्यावर आणि नवे प्लग घातल्यावर बाकांचा खडखडाट निम्म्यावर आला. आता हंगामाच्या शेवटी कार्ब्युरेटरमधले पेट्रोल पूर्ण काढून टाकायचे, हा नेम मी ठेवला आहे.

इंजिनातील रबरी बुश

माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचा गाभा येथे आहे, आणि याच ठिकाणी लोक सर्वांत कमी पाहतात. आऊटबोर्ड इंजिन मागच्या फळीला थेट जोडलेले नसते. फळीवर बसतो तो कंस, आणि इंजिनाचा खांब त्या कंसाच्या फिरत्या भागात वर आणि खाली रबरी बुशांवर टांगलेला असतो. ठोक्यांची थरथर फळीत पोचू न देणे एवढेच या बुशांचे काम असते. रबर वर्षानुवर्षे तेल, ऊन आणि गोठणारी थंडी सोसते. मग ते कडक होते, चिरते किंवा दबून चपटे होते, आणि शेवटी धातू धातूला टेकतो. एकदा धातू धातूला टेकला की कारखान्याने दिलेली सारी व्यवस्था फुकट जाते.

तपासण्याची रीत साधी आहे. इंजिन बंद करून ते सरळ खाली सोडावे, पंख्याखालचे जे पात्यासारखे टोक असते ते दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे जोर लावावा. थोडी, मऊ, परत जागेवर येणारी हालचाल हवी. खट् असा कठीण ठोका जाणवला किंवा अजिबात हालचाल झाली नाही, तर बुश संशयास्पद समजावेत. माझ्याकडे डाव्या बाजूला खट् झाले. विजेरी घेऊन खालच्या बुशाचे झाकण सोडले, तेव्हा आत रबराची काजळीसारखी काळी पूड साचलेली दिसली, आणि ती फडक्याने पुसल्यावर कंसाच्या राखाडी रंगातून नखाएवढा एक चकचकीत ठिपका बाहेर आला. बाकी सगळीकडे रंग शाबूत होता, फक्त तेवढ्या जागी धातू घासून आरशासारखा झाला होता. सेकंदाला ४५ ठोके याच ठिपक्यातून होडीत जात होते.

खालचे दोन्ही आणि वरचे बुश एकदमच बदलले. वरचे बदलण्यासाठी इंजिनाचा माथा दोरीने उचलून धरावा लागतो आणि बोल्ट गंजून धरलेले असण्याची शक्यता असते, म्हणून ते काम मी जाणकार मेकॅनिककडून करून घेतले. कोकणात किंवा इतरत्र समुद्राच्या पाण्यात चालणाऱ्या इंजिनाला तर बोल्टवर जोर लावण्याच्या आदल्या दिवशी गंज सैल करणारे तेल मारून ठेवावेच, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या खांबात तुटलेला स्टीलचा बोल्ट काढणे हे मूळ दुरुस्तीपेक्षा मोठे काम होऊन बसते.

त्रास परत का येत होता : क्लॅम्प, गादी आणि मागची फळी

बुश बदलल्यावर पहिल्याच फेरीत घुमारा ओळखू येणार नाही इतका खाली आला. मला वाटले काम झाले. तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा सुरू झाला, पूर्वीइतका नाही, पण स्पष्टपणे.

याचे कारण माझाच एक जुना उपाय होता. पहिल्या वर्षी मी कंस आणि फळी यांच्यामध्ये दहा मिलिमीटर जाडीचे मऊ रबर घातले होते. मऊ गादी घातली की थरथर अडेल, हा विचार वरवर बरोबर वाटतो आणि पहिल्या दिवशी फरकही पडतो. परंतु कंस फळीला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पच्या दाबाखाली मऊ रबर दिवसेंदिवस बसत जाते, क्लॅम्पचे स्क्रू आपोआप सैल पडतात आणि इंजिन फळीवर डुलू लागते. त्या डुलण्यामुळे जी थरथर होते ती मुळातल्या थरथरीपेक्षा वाईट असते, आणि सैल स्क्रूंमुळे इंजिन पाण्यात जाण्याची भीती असते ती निराळीच. मऊपणा इंजिनाच्या आतल्या बुशांत असावा. फळीवरची पकड मात्र कठीणच हवी. आता मी तेथे पाच मिलिमीटरची कडक प्लॅस्टिकची पट्टी वापरतो, जिचे काम फळीचा पृष्ठभाग चिरडू न देणे एवढेच आहे, आणि क्लॅम्पच्या जोडीला कंसातून आरपार जाणारे बोल्टही लावले आहेत.

ते बोल्ट लावण्यासाठी जुनी भोके साफ करताना पेचकसाचे टोक लाकडात सहज रुतले. या होड्यांच्या मागच्या फळीत, पत्र्याच्या दोन थरांमध्ये, प्लायवुड असते. जुन्या भोकांतून त्यात पाणी झिरपले होते, हिवाळ्यात ते गोठून फुगले होते आणि प्लायवुडचे थर सुटले होते. कुजलेल्या फळीवर इंजिन कितीही घट्ट आवळा, आठ दिवसांत लाकूड दबते आणि पकड जाते. फळी तपासायची असेल तर लाकडी मुठीने ठिकठिकाणी ठोकावे. निरोगी जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. मी फळीचे लाकूड नवे घातले.

येथे एक इशारा कळकळीने द्यावासा वाटतो. कुजू नये म्हणून रसायन मुरवलेले जे हिरवट लाकूड बाजारात मिळते, ते अ‍ॅल्युमिनियमच्या होडीत कदापि वापरू नये. त्यातील तांब्याचे क्षार ओलसरपणात अ‍ॅल्युमिनियमला खातात आणि काही हंगामांत पत्र्याला आरपार भोके पडतात. बाहेरच्या वापराचे किंवा मरीन दर्जाचे साधे प्लायवुड घेऊन त्याला सर्व बाजूंनी, भोकांच्या आतूनसुद्धा, इपॉक्सीचे दोन-तीन हात द्यावेत. भोके बुजवताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉनही टाळावे, कारण ते वाळताना सोडते ते ॲसिड अ‍ॅल्युमिनियमला अपाय करते. होड्यांसाठी मिळणारे पॉलियुरेथेनचे सीलंट चांगले.

आता पत्र्याचा विचार

एवढे झाल्यानंतरच मी चादरींकडे वळलो. चादर निवडताना नुसता फोम आणि थरथर शोषणारी चादर यांतला भेद ध्यानात घ्यावा. फोम हवेतला, विशेषतः वरच्या पट्टीतला आवाज काहीसा शोषतो, पण पत्र्याचे थरथरणे थांबवत नाही. त्यासाठी ब्यूटाइल रबराचा सुमारे दोन मिलिमीटरचा थर आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमची पातळ फॉइल असलेली चादर लागते. पत्रा वाकतो तेव्हा खाली पत्रा आणि वर फॉइल यांच्यामध्ये रबर ताणले जाते, आणि थरथरीची ऊर्जा त्या ताणात उष्णता होऊन जिरते. परातीतल्या कणकेचेच हे काम आहे.

संपूर्ण तळ झाकण्याची मुळीच गरज नसते. दोन फासळ्यांमधल्या चौकोनाचा मध्यभाग सर्वांत जास्त हलतो, म्हणून तेथे एकूण क्षेत्राच्या तिसऱ्या हिश्शाएवढा तुकडा लावला तरी बहुतेक लाभ मिळतो. कोणता चौकोन वाजतो ते बोटाच्या पेराने ठोकून कळते. माझ्याकडे मागच्या बाकाखालचे चार आणि दोन्ही बाजूंचे एकेक, एवढेच खरे वाजणारे होते. या चादरीचे वजन चौरस मीटरला सुमारे तीन किलो भरते, हे लहान होडीत विसरून चालत नाही. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, उबदार दिवशी, रोलर फिरवत हवा न ठेवता तुकडे बसवावेत. रिव्हेटच्या रांगा मोकळ्या ठेवाव्यात, कारण रिव्हेट गळू लागला तर तो दिसला पाहिजे. फासळ्यांखालून मागे पाणी वाहून जाण्याच्या वाटाही अडवू नयेत. बाकांखाली जो फोम भरलेला असतो तो आवाजासाठी नसून होडीत पाणी भरले तरी ती तरंगत राहावी म्हणून असतो. जागा करण्यासाठी तो कापून काढणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. तळाला सरसकट गालिचा चिकटवणेही मला पसंत नाही, कारण त्याखाली ओल राहते आणि पत्र्यावर खड्डे पडतात.

फळ्यांची जमीन असेल तर तिच्या आणि फासळ्यांच्या मध्ये कडक रबराच्या पट्ट्या घालाव्यात. टाकी पट्ट्याने बांधावी, नांगराची साखळी कापडी पिशवीत ठेवावी, वल्ह्यांना धरणाऱ्या खोबणींत रबर बसवावे. ही कामे किरकोळ आहेत, पण मंद चालीवरचा उरलेला खडखडाट बहुतांशी यांनीच गेला.

इंजिनाच्या झाकणाचा रबरी काठ तुटका असेल तर तो बदलावा आणि खिट्टी घट्ट बसते का ते पाहावे. झाकणाच्या आतील जुना फोम भुगा होऊन हवेच्या तोंडात ओढला जाऊ शकतो, तो वेळीच काढावा. काही जण आवाज कमी करण्यासाठी इंजिनावर घोंगडीसारखे जाड कापड गुंडाळतात. इंजिनाला हवा कमी पडते, ते तापते आणि पेट्रोलजवळ कापड ठेवल्याने आगीचा धोका निर्माण होतो, म्हणून हे कधीही करू नये.

आजची स्थिती

त्याच फोनवर, त्याच बाकावरून, २,७०० फेऱ्यांवर आता ८४ ते ८५ डेसिबल दिसतात. समोरच्या बाकावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते. मंद चालीवर इंजिन अजून हलते, पण ती त्याच्या रचनेतली गोष्ट आहे आणि तिचा होडीत शिरण्याचा मार्ग आता बंद आहे. कानांत प्लग घालण्याची सवय मात्र मी पूर्ण वेगाच्या लांब फेऱ्यांसाठी चालू ठेवली आहे.

क्लॅम्प आणि बोल्ट आवळून झाल्यावर प्रत्येकावर, स्क्रूच्या डोक्यापासून कंसापर्यंत, पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, त्यामुळे पाना न लावता दोन सेकंदांत पकड तपासता येते. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर एक रेघ किंचित सरकली होती. तो स्क्रू पुन्हा आवळून नवी रेघ ओढली. त्यानंतर ऑक्टोबरात होडी पाण्याबाहेर काढली तोपर्यंत चारही रेघा जुळलेल्या होत्या.